जुन्या नटनट्यांचे सहीचे फोटो: आधी पाठ बघा, मग सही

सहीचा फोटो हातात आला की नवशिक्याची नजर थेट सहीवर जाते. विकणाऱ्यालाही तेच हवं असतं. तुम्ही आधी फोटो उलटा करा. पाठ, कागद, शाई आणि सगळ्यात शेवटी सहीचं वळण, या क्रमाने बघत गेलात तर बरेचसे खोटे नग सहीपर्यंत पोचायच्या आधीच गळतात. सहीचं वळण ओळखायला वर्षं लागतात; कागद आणि शाई ओळखायला दोन-तीन महिन्यांचा सराव पुरतो.

आपल्या भागात काय सापडतं

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि हिंदी सिनेमाच्या धंद्याने ती सीमा पुढेही सोडली नाही. वितरणाच्या भाषेत आपण आजही 'निजाम सर्किट'मध्ये येतो. त्यामुळे नांदेड, परभणी, जालन्याकडे निघणाऱ्या जुन्या प्रसिद्धी-फोटोंच्या पाठीवर हैदराबाद किंवा सिकंदराबादच्या वितरकाचा शिक्का दिसला तर दचकू नका, तो असायलाच हवा. दुसरा साठा तंबूतल्या सिनेमाचा. माळेगावच्या खंडोबासारख्या जत्रांमध्ये टुरिंग टॉकीजवाले काचेच्या पेटीत फोटोंचा संच लावायचे. त्यातले फोटो चार कोपऱ्यांना टाचणीची भोकं पडलेले आणि एका बाजूने उन्हाने उडालेले असतात. तिसरा साठा उर्दू सह्यांचा आणि उर्दूत लिहिलेल्या अर्पणाच्या ओळींचा. इथे मराठवाड्याच्या माणसाचं पारडं जड आहे, कारण उर्दू वाचून दाखवणारे चाचा गल्लीतच भेटतात. पुण्या-मुंबईच्या संग्राहकाला त्यासाठी माणूस शोधावा लागतो.

सुरुवात लहान ठेवा. 'जुना सिनेमा' हा विषय होत नाही. 'मराठी तमाशापटांतले कलाकार', 'चरित्र अभिनेते', 'उर्दूत सही करणारे' असं काही तरी धरा. मधुबाला, गुरुदत्त, सैगल यांच्या वाट्याला पहिली दोन वर्षं जाऊ नका. ज्या सहीला भाव, तिचीच नक्कल जास्त. राजा गोसावी, निळू फुले, जयश्री गडकर, चंद्रकांत आणि सूर्यकांत मांडरे अशांपासून हात बसवा. खलनायकाची आणि विनोदी नटाची खोटी सही करून फारसं काही मिळत नाही, म्हणून ती फारशी कुणी करतही नाही.

पिशवीत काय असावं

सोनार वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग. सराफ्यात हत्यारांच्या दुकानात मिळतं. ३६५ नॅनोमीटरची अतिनील बॅटरी घ्या. ३९५ ची स्वस्त असते, पण तिचा जांभळा उजेडच इतका पसरतो की कागदाची चमक त्यात कळत नाही. याशिवाय एक साधी एलईडी बॅटरी, इंच आणि सेंटिमीटर दोन्ही असलेली पट्टी, २बी पेन्सिल, निळे नायट्राइल हातमोजे आणि पुठ्ठ्याची कडक फाइल. सुती हातमोजे टाळा. त्यांचे धागे फाटलेल्या कडेत अडकतात आणि पकड निसटते.

शोधायचं कुठे

छत्रपती संभाजीनगरचा जाफर गेटचा रविवारचा बाजार, बंद पडत आलेले फोटो स्टुडिओ, पडद्याला कुलूप लागलेली एकपडदा थिएटरं आणि रद्दीवाले. रद्दीवाल्याला 'ऑटोग्राफ' विचारू नका. एकदा त्याला भाव कळला की पुढच्या वेळी प्रत्येक फोटोवर सही उगवते. 'जुने सिनेमाचे फोटो, पाट्या, अल्बम असतील तर बाजूला ठेवा' एवढंच सांगा आणि महिन्याला एक चक्कर नेमाने मारा. मोठ्या बाजारासाठी देवगिरी एक्स्प्रेस पुरते: एका टोकाला मुंबईत चोरबाजाराची मटन स्ट्रीट, दुसऱ्या टोकाला हैदराबादेत आबिड्सचा रविवारचा पुस्तकबाजार. दोन्हीकडे पहिल्या खेपेला फक्त बघून या. खिशात पैसे कमी ठेवले की हे जमतं.

थिएटरमालकाच्या किंवा स्टुडिओवाल्याच्या घरी गेलात तर फोटोबरोबर जे काही असेल ते मागा: पाकीट, पत्र, तारीख लिहिलेली चिठ्ठी. सहीच्या फोटोचं पाकीट फेकून देणारे फार आहेत, आणि तेच पाकीट पुढे अर्धा पुरावा असतं.

पहिली पायरी: पाठ

पाठीवरचा शिक्का म्हणजे फोटोचा जन्मदाखला. काही तारखा पाठ करून ठेवा.

पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर शिक्का १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. त्याआधी 'मुंबई १४' असे छोटे आकडे असत. आण्यातली किंमत बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची, 'नये पैसे' त्यानंतरचे. आपल्याकडचे जिल्हेही उपयोगी पडतात. शिक्क्यावर 'जि. जालना' असेल तर तो १९८१ नंतरचा, 'जि. लातूर' असेल तर १९८२ नंतरचा, 'जि. हिंगोली' असेल तर १९९९ नंतरचा. उलट 'हिंगोली, जि. परभणी' हा जुन्या काळाकडे बोट दाखवतो. अंबाजोगाईऐवजी 'मोमिनाबाद' दिसलं तर आणखी मागे जा. पाकिटावर हैदराबाद संस्थानाची तिकिटं असतील तर ते १९५० च्या आसपास किंवा त्याआधीचं.

आता शिक्का आणि सही एकमेकांना मिळतात का बघा. मास्टर विनायक १९ ऑगस्ट १९४७ ला गेले. त्यांच्या सहीच्या फोटोमागे स्टुडिओचा पिन कोडवाला शिक्का असेल तर तो फोटो नंतर काढलेली प्रत आहे, मग सही कितीही सुंदर असो. मात्र जुन्या फोटोवर पुढच्या मालकाने नवा शिक्का मारलेला असू शकतो. म्हणून विचारा, शिक्का कुणाचा: फोटो छापणाऱ्याचा की दुकानदाराचा?

दुसरी पायरी: कागद

१९३० ते १९६० च्या काळातले खरे फोटो बहुतेक जिलेटिन सिल्व्हरचे, म्हणजे चांदीच्या क्षारांचा थर दिलेल्या साध्या कागदावरचे. हा कागद चित्राच्या बाजूला किंचित वळतो, पाठ कागदासारखीच लागते, आणि काळ्या भागांत, विशेषतः कडेला, तिरप्या उजेडात निळसर आरशासारखी झाक दिसते. त्या झाकेला घाबरू नका. चांदी वर्षानुवर्षं वर येऊन ती तयार होते आणि तिची नक्कल सहज जमत नाही. प्लास्टिकचा मुलामा दिलेला, सपाट राहणारा आणि पाठीला गुळगुळीत लागणारा कागद सत्तरच्या दशकात रूढ झाला. १९४७ मध्ये गेलेल्या सैगल यांची सही त्यावर असूच शकत नाही. पाठीवर कागदाच्या कारखान्याचं नाव असेल तर तेही तपासा. 'इंदू' कागद करणारी उटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनीच १९६० ची आहे.

भिंगाखाली फोटो धरा. खऱ्या फोटोत करड्या छटा सलग असतात. छापील चित्रात ठिपक्यांची जाळी दिसते आणि घरच्या इंकजेट प्रिंटरवरच्या नक्कलेत काळ्या रंगाभोवती निळे, गुलाबी, पिवळे बारीक शिंतोडे.

मग खोलीत अंधार करून अतिनील बॅटरी तीन-चार सेकंद मारा, डोळ्यांत नाही. कागद झगझगीत निळा-पांढरा पेटला तर त्यात शुभ्रकारक रसायन आहे. फोटोच्या कागदात ते पन्नासच्या दशकात येऊ लागलं. म्हणून चाळीसच्या दशकातला म्हणून विकलेला फोटो पेटला तर तो ठेवून उठा. न पेटलेला कागद मात्र जुना असेलच असं नाही. नंतरच्या सगळ्या कागदांत हे रसायन नव्हतं.

माप घ्यायला विसरू नका. इथल्या स्टुडिओची मापं ठरलेली असत: क्वार्टर प्लेट सव्वातीन बाय सव्वाचार इंच, हाफ प्लेट पावणेपाच बाय साडेसहा, फुल प्लेट साडेसहा बाय साडेआठ. प्रसिद्धीचे फोटो आठ बाय दहाच्या आसपास, पोस्टकार्ड साडेतीन बाय साडेपाच. बरोबर ए-फोर कागदाच्या मापाचा 'जुना' फोटो निघाला की हसून परत द्या.

तिसरी पायरी: शाई

खरा धोका इथे आहे. कागद अस्सल, फोटो अस्सल, शिक्का अस्सल आणि सही गेल्या वर्षीची. थिएटरच्या पेटीतले अस्सल फोटो स्वस्तात उचलायचे आणि त्यावर सही ठोकून विकायचे, हा जुनाच उद्योग आहे.

आधी लेखणी आणि माणूस यांची गाठ घालून बघा. बॉलपेन अमेरिकेत १९४५ च्या शेवटी दुकानात आलं. इथे ते सामान्य माणसाच्या हाती पडायला आणखी वेळ लागला. सैगल किंवा मास्टर विनायक यांची बॉलपेनातली सही म्हणूनच संशयित. फेल्टच्या टोकाची पेनं साठच्या दशकात आली. गुरुदत्त १० ऑक्टोबर १९६४ ला गेले, मधुबाला २३ फेब्रुवारी १९६९ ला. जाड काळ्या मार्करने यांच्या सह्या दाखवणाऱ्याला नमस्कार करून निघा. चंदेरी आणि सोनेरी मार्कर तर आणखी उशिराचे.

आता भिंग. फाउंटन पेनच्या रेघेच्या दोन्ही कडा गडद आणि मध्य फिका असतो. अक्षर जिथे संपतं तिथे शाईचं तळं साचतं. चकचकीत फोटोवर ही शाई पुरती जिरत नाही, ठिकठिकाणी आकसून थेंबाथेंबाने बसते. बॉलपेन खोबण पाडतं, वळणानंतर शाईची गुठळी टाकतं, आणि तिरप्या उजेडात ती खोबण दिसते. रबरी शिक्क्याच्या सहीला खोबण नसते, दाब सगळीकडे सारखा, आणि शाई रेघेच्या दोन्ही कडांना दाबून बसलेली असते.

फोटोतच छापलेली सही सगळ्यात जास्त फसवते, आणि ती कुणी फसवायला केलेलीही नसते. स्टुडिओ चाहत्यांना असे फोटो शेकड्यांनी पाठवत. फोटो डोळ्यांसमोर तिरपा धरून उजेड फिरवा. सहीवरून जाताना चकाकी तुटली नाही तर सही कागदावर नाही, फोटोच्या आत आहे. काळ्या भागावर पांढरी सही दिसली तर ती बहुधा निगेटिव्हवर केलेली. निगेटिव्हवरच्या काळ्या शाईतून उजेड जात नाही आणि कागदावर ती जागा पांढरी राहते. असा फोटो जरूर ठेवा, पण त्याला सहीच्या फोटोचा भाव देऊ नका.

एकच खूण लक्षात ठेवायची तर ही ठेवा. जुन्या फोटोच्या थराला बारीक तडे जातात, कोपरा दुमडलेला असतो. सही आधीची असेल तर तडा शाईला चिरून जातो. सही नंतरची असेल तर शाई तड्यात उतरते आणि त्याच्या बाजूने केसासारखी पसरते. म्हणून अगदी कोरा करकरीत फोटो शोधण्यापेक्षा सहीवरून एखादी सुरकुती गेलेला फोटो आम्ही आधी हातात घेऊ.

चौथी पायरी: सहीचं वळण

एका कलाकाराच्या किमान दहा-बारा खात्रीच्या सह्या जमवा, त्याही वेगवेगळ्या वयातल्या. एकाच सहीशी ताडून बघण्यात अर्थ नाही. तरुणपणी पूर्ण नाव लिहिणारा माणूस प्रसिद्ध झाल्यावर दोन अक्षरं आणि एक रेघ मारून मोकळा होतो. पत्रं, करारपत्रं, नीट नोंद असलेल्या लिलावाच्या याद्या हे चांगले नमुने. इंटरनेटवर कुणीतरी टाकलेला एकटा फोटो हा नमुना नव्हे, तोच खोटा असू शकतो.

आकाराआधी वेग बघा. खरी सही धावत जाते, शेवटचं टोक निमुळतं होत सुटतं. नक्कल करणारा चित्र काढतो: रेघ थरथरते, मध्येच पेन उचललेलं दिसतं, सुरुवात आणि शेवट बोथट असतो, एखादी रेघ पुन्हा गिरवलेली असते. दोन सह्या एकमेकींवर ठेवल्यावर तंतोतंत जुळल्या तर आनंद मानू नका. हाताने एकच सही दोनदा तशीच होत नाही.

चाहत्यांच्या पत्रांना सेक्रेटरी, भाऊ, बहीण कुणीही सही करून पाठवत असे. ती त्याच काळातली, त्याच शाईची असते, म्हणून आधीच्या तीनही पायऱ्या पार करते. इथे लांब मजकूर मदतीला येतो. 'श्री. अमुक यांस सप्रेम' असं लिहिलेल्या फोटोला बाजारात भाव कमी मिळतो, कारण दुसऱ्याचं नाव भिंतीवर लावायला लोक नाखूश. संग्राहकाने तोच घ्यावा. आठ-दहा शब्दांची नक्कल एका सहीपेक्षा फार अवघड असते.

नावांची गल्लतही सांभाळा. 'सुलोचना' अशी सही मूकपटांच्या काळच्या सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स यांची, सुलोचना लाटकर यांची की लावणीच्या सुलोचना चव्हाण यांची? विकणारा त्यातलं सगळ्यात महाग नाव सांगणार. फोटोतला चेहरा, कागदाचा काळ आणि सहीची लिपी तिन्ही एका माणसाकडे बोट दाखवायला हवीत. उर्दू सही असेल तर ती वाचून घ्या, नुसती बघू नका. उर्दू न येणाऱ्याने नक्कल केली की नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, चुकीच्या जागी पडतात आणि रेघ डावीकडून उजवीकडे ओढल्याच्या खुणा राहतात.

पैसे देताना

मनात एक प्रश्न विचारा: सही नसती तर या फोटोला मी किती दिले असते? त्याच्या वर जाणारी प्रत्येक रक्कम तुमच्या चार पायऱ्यांच्या खात्रीची किंमत आहे. शंका असेल तर फोटोच्या भावाने मागा. विकणाऱ्याने स्वतः छापून दिलेल्या 'अस्सलतेच्या प्रमाणपत्रा'ला किंमत नाही. त्याऐवजी साध्या कागदावर लिहून घ्या: फोटो कुणाकडून, कोणत्या गावातून, कधी आला, आणि खोटा ठरला तर किती दिवसांत परत घेणार. प्रामाणिक माणूस हे लिहून देतो. टपालाने मागवलात तर फोटो पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये, पुठ्ठे फोटोपेक्षा चहूबाजूंनी इंचभर मोठे, असं आधीच सांगून ठेवा. चिकटपट्टी पुठ्ठ्याला लागली पाहिजे, पिशवीला नाही.

घरी आणल्यावर

आपल्याकडे फोटो कूलरने मरतात. मे महिन्यात ४२ अंशांत माणसाला बरं वाटावं म्हणून कूलर लावला की खोलीतली आर्द्रता चढते. आर्द्रता साधारण ६५ टक्क्यांवर रेंगाळली की जिलेटिनवर बुरशी धरते. ती जिलेटिनच खाते. रात्री कूलर, दिवसा कोरडी धग, असं रोज झालं की थर ताणतो, आकसतो आणि तडकतो. फोटोंचं कपाट कूलरच्या खोलीत नको. घराच्या मधल्या खोलीत, लोखंडी कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं सुटं, खालचा खण सोडून ठेवा. पत्र्याखालचा पोटमाळा बादच. माळवदाच्या घरात भिंतीतलं कपाट किंवा दिवळीही नको: वरून माती झरते आणि श्रावणात भिंत ओल धरते.

डब्यात आर्द्रतामापक ठेवा. ३० ते ५० टक्के ठीक. पावसाळ्यात सिलिका जेलची ५० ग्रॅमची पुडी फोटोला न लागता डब्याच्या कोपऱ्यात ठेवा. निळे मणी गुलाबी किंवा नारिंगी मणी हिरवे झाले की ११०-१२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोनेक तास वाळवा. डांबराच्या गोळ्या फोटोच्या डब्यात नकोत, कडुनिंबाचा पालाही नको. कसर लागू नये म्हणून कपाट महिन्यातून एकदा उघडून झटकणं जास्त कामाचं.

प्रत्येक फोटो वेगळ्या पिशवीत, पॉलिएस्टरच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या. वास येणारं मऊ पीव्हीसी वर्षा-दोन वर्षांत शाई ओढून घेतं आणि सही पिशवीला चिकटून येते. मागे नोंद करायची तर २बी पेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेला. लॅमिनेशन कधीच नाही. फेव्हिकॉल, चिकटपट्टी, पाणी, स्पिरिट यांतलं काहीही फोटोला लावू नका. फाउंटन पेनची शाई ओल्या बोटानेही उतरते. धूळ मऊ ब्रशने, मधून बाहेर.

चिकट पानांच्या जुन्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका. मेण नसलेला दातांचा धागा फोटोखाली सरकवून करवतीसारखा हळूहळू पुढे-मागे न्या. निघेना तर पानासकट कापून ठेवा. काचेला चिकटलेला फोटो तर काचेसकटच ठेवायचा आणि काचेतूनच त्याची प्रतिमा घ्यायची.

भिंतीवर लावायला प्रत काढा, अस्सल कपाटात राहू द्या. स्कॅन दोन्ही बाजूंचं, आठ बाय दहाला ६०० डीपीआय (इंचामागे ठिपके), पोस्टकार्डाला १२००, टिफ (TIFF) फाइलच्या स्वरूपात. वहीत फोटोचा क्रमांक, माप, कागद, शाई, पाठीवरचा मजकूर, कुणाकडून आला, किती दिले आणि कोणत्या पायरीवर शंका राहिली ते लिहा. शंकेचा रकाना रिकामा सोडू नका. दोन वर्षांनी त्याच कलाकाराच्या आणखी पाच सह्या हाताखालून गेल्यावर तो रकाना पुन्हा वाचायचा असतो, आणि त्यातले काही फोटो तेव्हा डब्यातून बाहेर काढावे लागतात.